रक्कम किती, ते लिहा

ताई, सप्रेम सलाम. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वय ४४. आमचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती. पणजोबा छप्पन्नच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. मी मात्र नावापुरता ख्रिस्ती होतो. १९ वर्षे दारूत घालवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका संजीवन सभेत, रात्री साडेनऊच्या सुमारास, प्रभू येशू मला भेटला. त्या रात्रीपासून मी थेंबाला शिवलेलो नाही. आता तो मला पूर्णवेळ सेवेसाठी पाचारण करत आहे, याची मला खात्री आहे. टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, पगार २३,५०० रुपये. मार्चअखेर राजीनामा देऊन गावोगावी सुवार्ता सांगायला जायचे, असे ठरवले आहे. राजीनामा लिहूनही ठेवला आहे. पत्नीचा कडाडून विरोध आहे. ती शिवणकाम करते, मुलगी बारावीला आहे, आणि पत्नीला जगाच्या चिंता सुटत नाहीत. माझ्या व्यसनाच्या काळात गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या काही बायकांची भिशी माझ्याकडून मोडली, त्या अजून अधूनमधून दारात येतात, त्यानेही ती चिडते. पण प्रभूने माझे सारे कर्ज कालवरीवर, क्रुसावर, फेडले आहे, हे जगाच्या माणसांना कसे समजावे? येशूच्या शिष्यांनी जाळी सोडली, पंडिता रमाबाईंनी सर्वस्व वाहिले. मी देवाचे ऐकू की पत्नीचे?

एक बंधू, सोलापूर

प्रिय बंधू,

सप्रेम सलाम. देवाचे ऐकावे की पत्नीचे, हा तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते आहे, कारण त्याचे उत्तर तुम्ही पत्र लिहिण्यापूर्वीच ठरवून टाकले आहे आणि माझ्याकडून तुम्हाला केवळ त्यावर सही हवी आहे. मी अडले ते दुसऱ्याच ओळीवर. पत्नीच्या चिडण्याचे एक कारण म्हणून, जाता जाता, तुम्ही विड्या वळणाऱ्या बायकांच्या भिशीचा उल्लेख केलात आणि पुढच्याच वाक्यात थेट कालवरीवर जाऊन पोहोचलात.

तुमच्या पत्रात आकड्यांची वानवा नाही. वय आहे, पगार आहे, व्यसनाची वर्षे आहेत, प्रभू भेटला त्या रात्रीची वेळसुद्धा आहे. भिशीच्या वाक्यात मात्र एकही आकडा नाही. बायका 'काही' आहेत, त्या 'अधूनमधून' येतात, आणि भिशी 'मोडली' आहे. काही म्हणजे किती? सात की सतरा? प्रत्येकीचे किती महिन्यांचे हप्ते तुमच्याकडे जमा होते? कोणत्या दिवाळीला ते वाटायचे होते? हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे, कारण वही तुमच्याच हातात होती. ज्याला रात्रीचे साडेनऊ आठवतात त्याला रक्कम आठवत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

तुम्हाला प्रभू भेटला, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. १९ वर्षांचे व्यसन एका रात्रीत सुटते आणि पुन्हा डोके वर काढत नाही, हे माणसाच्या निव्वळ निश्चयाने क्वचितच घडते, आणि ज्या घरात ते घडले त्या घराला त्याचे मोल दुसऱ्याने सांगावे लागत नाही. त्या रात्रीबद्दल मी तुमच्याबरोबर देवाचे आभार मानते. नावापुरत्या ख्रिस्ती माणसाला मी इतके कडक उत्तर लिहिलेही नसते. माझी तळमळ एवढ्यासाठीच आहे की, ज्याने तुम्हाला त्या सभेतून उठवले तो आता कुठे पाठवतो आहे, ते समोर दिसत असूनही तुम्ही दूरच्या गावांकडे पाहत आहात. ज्या हाकेची तुम्ही वाट पाहता ती हाक कित्येक महिने तुमच्याच दारात येऊन उभी राहते आहे, आणि तुम्ही तिला अडचण समजून परत पाठवत आहात.

कालवरीवर कर्ज फेडले गेले, हे आपल्या विश्वासाचे मूळ आहे आणि त्यातला कानामात्राही मी कोणाला कमी करू देणार नाही. परंतु तिथे फेडले गेले ते तुमचे देवापाशी असलेले ऋण. विडी वळणाऱ्या बाईच्या पदराच्या गाठीतून सुटलेले पैसे तिला तिथे परत मिळालेले नाहीत. ती आजही तेवढ्या पैशांनी गरीब आहे. देवाने तुमच्या पापाची क्षमा केली म्हणजे त्याने तिच्या वतीने तिच्या पैशांवर पाणी सोडले, असा अर्थ होत नाही. 'जगाच्या माणसांना हे कसे समजावे' असे तुम्ही विचारता तेव्हा, खरे सांगते, मला राग आला. त्यांना समजावण्यासारखे काहीही नाही. ज्या क्रुसाच्या आधाराने आपण उभे आहोत, त्याचेच नाव सांगून दारात आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवले जात आहे, हे लिहिताना तुमच्या अंगावर काटा यायला हवा होता.

जक्कयाची गोष्ट तुम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकली असेल, आणि मुलांप्रमाणे आपण मोठी माणसेही बहुधा तो प्रभूला पाहायला चढला त्या उंबराच्या झाडापाशीच थांबतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला पुढचा भाग नीट वाचा. यरीहोचा हा मुख्य जकातदार झाडावरून खाली उतरतो, आनंदाने प्रभूला घरी नेतो, बाहेर लोक कुरकुर करतात, आणि मग तो उभा राहून जे बोलतो ते सगळे हिशेबाचे बोलणे आहे: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत. प्रभूने त्या घरात काय उपदेश केला, पैशांचा विषय तरी काढला की नाही, याबद्दल लूक एक शब्दही लिहीत नाही. कोणी मागितले नव्हते. प्रभू घरात आला आणि त्या माणसाला ज्यांचे बुडवले ती माणसे आठवली. 'आज या घराला तारण प्राप्त झाले आहे' हे प्रभूचे उद्गार त्यानंतरचे आहेत. तारण पैसे मोजून मिळाले, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तारण आले म्हणून पैसे बाहेर निघाले. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, जक्कय घरदार सोडून प्रभूच्या मागे गावोगाव निघाला, असे लूक कुठेही म्हणत नाही. चौपट परत करायचे तर त्याला यरीहोतच राहणे भाग होते.

नियमशास्त्राने तर तुमचे प्रकरण नेमके हेरून ठेवले आहे. शेजाऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव जो बुडवतो त्याने ती पुरी परत करावी, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्याची ठेव असेल त्याच्याच हाती ती द्यावी, असे लेवीय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्यासोबतच दोषार्पणाचा मेंढा याजकाकडे न्यायचा. देवाला अर्पण दिले म्हणून माणसाची ठेव माफ होत नाही. तुम्ही नेमकी हीच अदलाबदल करू पाहत आहात: बायकांना त्यांचे पैसे देण्याऐवजी देवाला आपले सारे आयुष्य देऊ करत आहात. जे आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले, असे सांगून हात झटकण्याची पळवाट प्रभूने किती कठोरपणे बंद केली, ते मार्कच्या सातव्या अध्यायात आहे.

आता त्या बायकांकडे पाहू. तुम्ही पूर्व भागात राहता, तेव्हा विडी कशी होते हे तुम्हाला सांगण्याची खरे तर गरज नाही, तरीही सांगते, कारण दुसऱ्याचे पैसे हाताळणाऱ्याला ते कसे कमावलेले असतात याचा विसर पडतो. तेंदूची पाने भिजवून मऊ करायची, कात्रीने एका मापाची कापायची, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, वळायचे, टोक दुमडायचे, दोऱ्याने बांधायचे, आणि लगेच पुढचे पान हातात घ्यायचे. अशा हजार विड्यांवर मजुरी ठरते, आणि तपासणीत ज्या नापास होतात त्यांचे कष्ट वाया जातात. मान दिवसभर खाली, बोटांची टोके काळवंडलेली, घरात आणि लहान मुलांच्या कपड्यांतसुद्धा तंबाखूचा उग्र वास. त्यातून मागे टाकलेली नोट ती बाई महिन्याच्या महिन्याला तुमच्या हातात देत होती, कारण तुम्ही शेजारचे होता, आणि, हे विसरू नका, दर रविवारी देवळात जाणाऱ्या घरातले होता. तिच्या दृष्टीने येशूच्या नावाची पत तुमच्या वहीला जोडलेली होती. त्या वर्षीच्या दिवाळीला मुलीचे कपडे, नवऱ्याचे औषध, उसनवारीची परतफेड, जे काही तिने त्या पैशांवर ठरवले होते, ते झाले नाही. कोणत्या घरात काय अडले, हे तुम्ही एकदा तरी विचारले आहे का?

देवाच्या फुकट मिळणाऱ्या कृपेविषयी प्रेषित पौलाने जेवढे लिहिले तेवढे दुसऱ्या कोणी लिहिले नाही. त्याच पौलाने अनेसिम नावाच्या दासाला फिलेमोनाकडे परत पाठवले. अनेसिमाला प्रभू भेटला होता, तो पौलाच्या लेकरासारखा झाला होता, आणि बंदिवासात आपल्या सेवेसाठी त्याला जवळ ठेवून घ्यावे अशी पौलाची इच्छाही होती, असे त्या छोट्याशा पत्रात स्पष्ट म्हटले आहे. तरीही त्याने त्याला आधी धन्याकडे धाडले, आणि याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा हा तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून दिले. याचे पाप धुतले गेले आहे, आता त्या देण्याचे नाव काढू नकोस, असे पौलाने फिलेमोनाला लिहिले नाही. ते लिहिण्याचा अधिकार कोणाला असता तर त्यालाच असता.

शिष्यांनी जाळी सोडली, हे खरे आहे. ती जाळी त्यांची स्वतःची होती. याकोब आणि योहान तारवातून उतरले तेव्हा त्यांचा बाप जब्दी मजुरांबरोबर तारवातच होता, असे मार्कने मुद्दाम नोंदवले आहे. मागे धंदा चालू होता आणि त्यांच्या जाण्याने कोणाचे देणे बुडाले नाही. तुमची २३,५०० रुपयांची नोकरी तशी मोकळी नाही. तिच्यातला एक वाटा त्या बायकांचा आहे. राजीनामा दिलात तर त्यांची भिशी तुम्ही दुसऱ्यांदा मोडाल, आणि या वेळी पूर्ण शुद्धीवर असताना. हाताने काम करणारा माणूस सेवेत कमी पडतो, असेही समजू नका. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू बनवत होता, आणि इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना, माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या, असे तो सांगू शकला. ते वाक्य तुम्हाला टॉवेलच्या कारखान्यात राहूनच म्हणता येईल.

रमाबाईंचे नाव तुम्ही घेतलेत, ते बरे झाले. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, आणि पुढे काही वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. तुम्ही स्वतःला 'नावापुरता' म्हणता, त्याच्याशी हे किती जुळते ते पाहा. मग तो त्यांना भेटल्यावर त्या कुठे गेल्या? तरुणपणी दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली होती. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, आणि केडगावला त्यांच्यासाठी वसाहत उभी केली. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सोडले की ते केडगाव लागते. स्वतः विधवा असलेली ही बाई त्याआधीही विधवांसाठीच शाळा चालवत होती. भुकेने जिची माणसे नेली ती भुकेल्यांकडे गेली. आपल्या आयुष्यातली जी जागा कोणीही डोळ्यांआड करू पाहील, तिथेच त्या परत गेल्या, आणि तुम्ही ज्याला सर्वस्व वाहणे म्हणता ते त्या परत जाण्यातून झाले. तुम्ही मात्र आपल्या गल्लीला वळसा घालून पुढे निघाला आहात.

'मग माझ्या पाचारणाचे काय?' असे तुम्ही विचाराल. ते खरे आहे असेच मी धरून चालले आहे. गरसेकरांच्या प्रांतात प्रभूने ज्याला भुतांच्या तावडीतून सोडवले, त्या माणसानेही मला बरोबर ने म्हणून विनवणी केली होती. प्रभूने त्याला तारवात घेतले नाही, आपल्या घरी आपल्या माणसांकडे जा म्हणून सांगितले. ज्यांनी त्याला दगडांनी अंग ठेचून घेताना, थडग्यांतून ओरडताना पाहिले होते, त्यांच्याकडेच त्याला जायचे होते, कारण बदल झाला की नाही हे त्यांच्याशिवाय कोण ओळखणार? तुम्हाला झिंगत घरी येताना ज्यांनी पाहिले त्या बायका गल्लीतच आहेत. प्रभूचा शिष्य पेत्र याचेही तसेच. त्याने प्रभूला तीनदा नाकारले होते, आणि समुद्रकाठी प्रभूने त्याला, माझ्यावर प्रीती करतोस काय, असे तीनदा विचारले, तेव्हा कुठे आपली मेंढरे, म्हणजे आपली माणसे, त्याच्या हाती सोपवली. जिथे तो घसरला होता ती जागा ओलांडून त्याला सेवेत जाता आले नाही.

म्हणून मी तुम्हाला एकच गोष्ट करायला सांगते. भिशीची वही काढा. ती फाटली असेल, हरवली असेल, तर कोरी वही घ्या आणि आठवून एकेक नाव लिहा. नावापुढे रक्कम, आणि रकमेपुढे पाचवा हिस्सा. खाली बेरीज करा. ती बेरीज हातात धरून घरोघरी जा, त्यांच्या दारी, कारण आजवर त्या तुमच्या दारी येत होत्या. मी तुमचे एवढे पैसे दारूत उडवले, ते मी देणे लागतो, दर महिन्याच्या पगारातून इतके इतके देईन, असे सांगा. भिशी मोडली, असे म्हणू नका. पहिला हप्ता खिशात घेऊनच जा. एखादीचा हिशेब तुमच्या हिशेबापेक्षा जास्त निघाला तर तिचा खरा धरा. कोणी तेलुगूत शिव्या देईल, तुम्हाला त्या कळतील, ऐकून घ्या. कोणी तोंडावर दार लावेल, तिच्याकडे पुढच्या महिन्यात पुन्हा जा. एखादी हयात नसेल तर तिची मुले शोधा.

जाताना पवित्र शास्त्र नेऊ नका, पत्रके नेऊ नका, मंडळीतल्या कोणाला सोबत नेऊ नका. स्वतःहून प्रभूचे नाव काढू नका. आपले पैसे परत मिळवण्यासाठी उपदेश ऐकावा लागला, असे त्या बाईला वाटता कामा नये. तिचे पैसे तिचे आहेत आणि त्यांच्यावर आपली कसलीही अट नाही. इतक्या वर्षांनी आता का देता, असे तिने स्वतः विचारले, तर खरे कारण एका वाक्यात सांगा आणि थांबा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मंडळीत साक्ष द्यायला उभे राहू नका. राजीनाम्याचा कागद आजच फाडून टाका.

तुमच्या पत्नीची बाजू घेऊन मी दोन शब्द लिहावेत, अशी काही वाचकांची अपेक्षा असेल. ते मी लिहिणार नाही. तिच्याशी चाललेल्या वादाच्या आडोशाला तुम्ही या बायकांपासून लपला आहात, आणि मी त्या वादात शिरले तर तो आडोसा आणखी भक्कम होईल. तिच्या शिवणकामाच्या पैशांतला एक रुपयाही या परतफेडीत जाऊ नये, एवढे मात्र पाहा. देणे तुमचे आहे.

त्या बायकांपैकी काही जणी कदाचित कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहायला गेल्या असतील. तिथली दहा हजार घरे विडी कामगार बायकांसाठीच बांधली आणि शहरातल्या गल्ल्यांमधून कितीतरी कुटुंबे तिकडे गेली. तसे असेल तर पत्ता विचारत हिंडावे लागेल आणि त्यात अख्खा दिवस मोडेल. तुमची सुटी रविवारची असेल तर त्या रविवारची उपासना चुकली तरी चालेल; वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे प्रभूनेच सांगितले आहे. पाळकसाहेबांनी विचारले तर माझे नाव सांगा.